वागळे इस्टेटमधलं जिम्नॅस्टिक्स केंद्र: व्हॉल्टला पैकीच्या पैकी, बारला जेमतेम पास

दारातून आत शिरलं की डाव्या भिंतीवर मोठा फलक आहे: ‘आशियाई आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स अजिंक्यपद आणि भारत’. पालक चपला काढता काढता तो वाचतात, मोबाइलवर फोटो घेतात आणि मग टेबलाशी जाऊन प्रवेशाचा फॉर्म मागतात. फी आणि वेळा नंतर विचारल्या जातात, भुरळ आधी फलकच पाडतो. म्हणून परीक्षणही तिथूनच. (केंद्राचं नाव देत नाही. खाली लिहिलेल्या काही गोष्टी दुरुस्त करायला चालकांनी मुदत मागितली आहे, ती त्यांना मिळायला हवी. मापं मात्र ठाण्यातल्या कुठल्याही केंद्रात टेप घेऊन तपासता येतील अशीच दिली आहेत.)

फलक बराचसा बरोबर आहे. पहिली स्पर्धा १९९६ मध्ये चीनमधल्या चांगशाला झाली, हे नीट लिहिलंय. युरोपात पुरुषांचं अजिंक्यपद १९५५ मध्ये फ्रँकफर्टला आणि महिलांचं १९५७ मध्ये बुखारेस्टला सुरू झालं होतं. आशियाला त्यानंतर चार दशकं लागली, आणि पहिल्या स्पर्धेनंतरही गाडी लगेच रुळावर आली नाही. दुसरी स्पर्धा थेट २००३ मध्ये, ग्वांगझूला. मग २००६ सुरत, २००८ दोहा, २०१२ पुतियान, २०१५ हिरोशिमा, २०१७ बँकॉक, २०१९ उलानबातर, २०२२ पुन्हा दोहा, २०२३ सिंगापूर, २०२४ ताश्कंद आणि २०२५ मध्ये दक्षिण कोरियातलं जेचॉन. मधली अंतरं बघा: सात वर्षं, तीन, दोन, चार, तीन. दर वर्षी भरणारी स्पर्धा हे रूप अगदी अलीकडचं.

चुका दोन. ‘भारताचं पहिलं पदक, दीपा कर्माकर, २०१५’ असं ठळक अक्षरांत लिहिलंय, ते चूक. पहिलं पदक अलाहाबादच्या आशिष कुमारचं, २००६ मध्ये सुरतेत, फ्लोअरवर (मोकळ्या चौकातल्या कसरतींत) कांस्य. घरच्या मैदानावरचं आणि आपल्या शेजारच्या राज्यातलं पदक विसरलं जावं, हे जरा लागतं. दीपाचं हिरोशिमाचं कांस्य महिलांमधलं पहिलं. दुसरी चूक थोडी समजण्यासारखी आहे. आशिषचं २०१० चं ग्वांगझूचं कांस्य या यादीत घुसवलंय. ते पदक आशियाई क्रीडा स्पर्धेतलं, म्हणजे एशियाडमधलं. एशियाडमध्ये जिम्नॅस्टिक्स १९७४ च्या तेहरानपासून आहे आणि त्या पदकापर्यंत भारताची पाटी तिथे कोरी होती. अजिंक्यपद वेगळं, एशियाड वेगळं. ग्वांगझूला दोन्ही झाली, म्हणून गल्लत.

चुका काढून यादी सरळ केली तर अशी दिसते. २००६ आशिष, फ्लोअर. २०१५ दीपा, व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी). २०१९ प्रणती नायक, व्हॉल्ट. २०२२ प्रणती, व्हॉल्ट. २०२४ दीपा, व्हॉल्ट, आणि हे सुवर्ण, भारताचं या स्पर्धेतलं पहिलं. २०२५ प्रणती, व्हॉल्ट. सहातली पाच एकाच उपकरणावर. आशियाबाहेर पाहिलं तरी तेच: दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुलात आशिषचं रौप्य व्हॉल्टवर, ग्लासगोला २०१४ मध्ये दीपाचं कांस्य व्हॉल्टवर, मेलबर्नच्या २०१८ च्या विश्वचषकात अरुणा बुद्दा रेड्डीचं कांस्य व्हॉल्टवर.

याचं कारण सोपं आहे, आणि थोडं बोचरंही. बीम (अरुंद तुळई), बार (आडवे दांडे), फ्लोअर यांवर मुलीच्या एका रचनेतले आठ घटक मोजले जातात. ते एकमेकांत गुंफायला वर्षं लागतात, आणि बार शिकायला घराजवळ खरा बार लागतो. व्हॉल्टला एक धाव, एक उडी, एक उतरणं. सहा-सात सेकंदांत खेळ संपतो. अवघड असली तरी एकच गोष्ट हजार वेळा घोटता येते, आणि एक टेबल, उसळी देणारा एक स्प्रिंगचा बोर्ड, भरपूर गाद्या एवढ्यावर काम भागतं. साधनं तोकडी असलेल्या देशाने तोच दरवाजा ठोठावला आणि तो उघडला. ठाण्यातल्या या केंद्रानेही नेमकं तेच केलंय. त्याची ताकद यात आहे, आणि त्याची उणीवही.

आधी ताकद. वागळे इस्टेटमधली जुनी कारखान्याची शेड भाड्याने घेतल्यामुळे यांना लांबी मिळाली. व्हॉल्टच्या धावपट्टीला २५ मीटर मुभा असते आणि पट्टी १ मीटर रुंद असते. त्यापुढे टेबल, त्यापुढे उतरायची जागा, त्यापुढे भिंतीपर्यंत मोकळं अंतर. म्हणजे सगळं मिळून ३५ मीटरच्या आसपास सलग जागा हवी. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये किंवा शाळेच्या हॉलमध्ये ती सापडत नाही. मग १२ मीटरच्या धावेवर व्हॉल्ट शिकवला जातो आणि मुलगी स्पर्धेच्या पट्टीवर पहिल्यांदा उभी राहिली की तिची पावलं चुकतात. इथे टेबलाच्या पुढच्या कडेपासून मोजलं तर २४ मीटर धाव मिळते. दहा वर्षांच्या मुलीला १५ ते १८ मीटर पुरतात, तेव्हा एका मीटरवरून कुरकुर नको. पट्टीच्या कडेला मापाची टेप चिकटवलेली आहे, शून्य टेबलाकडे. प्रत्येक मुलीचं ‘माप’ वहीत लिहिलेलं असतं: धाव कुठून, बोर्ड टेबलापासून किती सेंटिमीटरवर. ही वही सांभाळणारं केंद्र हे काम जाणतं, असं बिनदिक्कत समजावं.

बोर्ड जवळ आला तर कंबर दुमडते आणि मुलगी टेबलावर आपटल्यासारखी येते. लांब गेला तर हात पुढे ताणले जातात, खांदे कोसळतात आणि ढकलण्यातला जोर जातो. ‘घाबरते हो ती, शेवटी वेग कमी करते’ असं पालक सांगतात तेव्हा बहुतेक वेळा भीतीपेक्षा माप चुकलेलं असतं. पाऊल बोर्डवर बरोबर पडणार नाही हे पायांना आधी कळतं, म्हणून ते आपोआप आखडतात. अशा वेळी ओरडून उपयोग नाही. धावेची सुरुवात अर्धं पाऊल मागेपुढे करून बघावी लागते. इथले प्रशिक्षक ते करतात.

टेबल उंची बदलता येणारं आहे. महिलांसाठी १२५ सेंटिमीटर, पुरुषांसाठी १३५. छोट्या गटासाठी खाली उतरवतात आणि बॅच बदलली की परत चढवतात. इथे एक सवय आवडली. उंची बदलल्यावर खुणेवर विसंबत नाहीत, टेपने जमिनीपासून मोजतात. सिडनी ऑलिंपिकमध्ये, २००० साली, महिलांच्या सर्वंकष (चारही उपकरणांच्या) अंतिम फेरीत घोडा, तेव्हा टेबलाऐवजी तोच असायचा, ५ सेंटिमीटर खाली लावला गेला होता. जगातल्या उत्तम मुली एकामागून एक पडत गेल्या आणि चूक लक्षात यायला बराच वेळ गेला. पुढच्याच वर्षी लांबट घोडा गेला आणि आजचं रुंद, जिभेसारखं पुढे उतरतं टेबल आलं. मूळ घोड्यावर हात ठेवायला अरुंद जागा होती. टेबलामुळे उलटं, पाठमोरं येणं पुष्कळ सुरक्षित झालं.

पाठमोरं येणं म्हणजे युर्चेन्को. राउंड-ऑफ (हातांवरून आडवी कोलांटी, शेवटी दोन्ही पाय एकत्र) करून बोर्डवर पाठ वळवून यायचं, मागे झोकून टेबलावर हात टेकायचे. यासाठी बोर्डभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची गादी लागते, तिला कॉलर म्हणतात. पाय बोर्डच्या कडेवरून घसरला तर मान वाचते ती हिच्यामुळे. स्पर्धेत कॉलर न लावता युर्चेन्को केला तर गुण शून्य. इथे कॉलर आहे, शिवाय राउंड-ऑफच्या हातांसाठी पातळ गादीही आहे. कॉलर नसलेल्या केंद्रात युर्चेन्को शिकवत असतील तर मुलीचा हात धरून बाहेर पडा. याबाबतीत आमचं मत पक्कं आहे.

शिकवण्याचा क्रम असा: पहिले सहा ते आठ आठवडे फक्त धाव आणि बोर्डवर दोन पायांची उडी, मग गाद्यांच्या थरावर सरळ उडी, मग त्याच थरावर हात टेकून उभं राहायचं आणि पाठीवर सपाट पडायचं, मग टेबलावरून हँडस्प्रिंग (हातांवरून उलटं होऊन पलीकडे पायांवर उतरणं). समरसॉल्ट (हवेतली कोलांटी) यानंतर, तोही आधी पिटमध्ये, म्हणजे फोमच्या ठोकळ्यांनी भरलेल्या खड्ड्यात. पाठीवर सपाट पडण्याचा टप्पा पालकांना फुकट वाटतो. खरं तर व्हॉल्ट तिथेच घडतो: हात सरळ, खांदे कानाला, टाचांचा जोर, आणि टेबलाला हात चिकटून न राहता झटकन सुटणं. ज्या मुलीचे हात कोपरात दुमडतात तिला वर उसळी मिळत नाही, मग ती हवेत घाईघाईने गोळा होते आणि उतरताना गुडघे ताठ ठेवते. दुखापती तिथे होतात. ‘प्रोडुनोवा कधी शिकवणार?’ हा प्रश्न प्रवेशाच्या टेबलाशी सर्रास विचारला जातो. हँडस्प्रिंग आणि पुढे हवेत दोन समरसॉल्ट हा प्रकार दीपाने रिओ ऑलिंपिकमध्ये केला, ती चौथी आली, आणि तेव्हापासून प्रश्न काही थांबत नाही. इथलं उत्तर ‘नाही’ असं असतं. उत्तर बरोबर आहे. दीपाचा गुडघा २०१७ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेच्या तयारीतच गेला होता आणि शस्त्रक्रिया करावी लागली होती, हेही फलकावर लिहायला हरकत नव्हती.

उतरायच्या गाद्या २० सेंटिमीटर जाडीच्या, मधली पट्टी रंगवलेली. एक पाय पट्टीबाहेर गेला की ०.१ कापतात, दोन्ही गेले की ०.३. लहान पाऊल ०.१, मोठं ०.३, पडलात तर पूर्ण १.०. २०२४ च्या ताश्कंदला दीपाची सरासरी १३.५६६ होती आणि रौप्य विजेतीची १३.४६६. दोन उड्यांत मिळून दोन छोट्या पावलांएवढाच फरक. हे उदाहरण प्रशिक्षक मुलींना देतात की नाही ठाऊक नाही, द्यावं.

गुणांवरून आठवलं, फलकावर व्हॉल्टच्या पाच पदकांसमोर क्रमाने गुणही छापलेत: १४.७२५, १३.३८४, १३.३६७, १३.५६६, १३.४६६. एका पालकांनी त्यावरून ‘दीपाचा खेळ उतरला’ असा निष्कर्ष काढलेला ऐकला. तसं नाही. दर ऑलिंपिकनंतर नियमावली बदलते आणि व्हॉल्टच्या अवघडपणाचे गुण खाली येत गेलेत. दोन ट्विस्टचा (हवेत अंगाभोवती दोन गिरक्यांचा) युर्चेन्को २०१६ पर्यंत ५.८ चा होता, मग ५.४ झाला, मग ५.०. उडी तीच, भाव उतरला. त्यामुळे २०१५ चे गुण २०२४ शेजारी ठेवून काही कळत नाही. शिवाय अंतिम फेरीत दोन वेगवेगळ्या गटांतल्या उड्यांची सरासरी धरतात. एकच उडी झकास असून पुरत नाही. इथे मोठ्या मुलींना दुसरी उडी शिकवायला फार उशिरा घेतात, हे खटकलं.

आता कुरकुर. धावपट्टीचा जोड टेबलापासून साधारण ११ मीटरवर उचलला गेलाय, वेल्क्रो झिजलंय. धावताना बोटं अडकतील अशी ही जागा आहे. दोनशे रुपयांची दुरुस्ती, पण चिकटपट्टीवर भागवलंय. दोनपैकी एका बोर्डची मागची एक स्प्रिंग बसलीय. ओळखायची रीत सोपी: बोर्डच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर आळीपाळीने पाय दाबा, एक बाजू जास्त खाली गेली की झालं. अशा बोर्डवरून मुलगी कायम एकाच बाजूला तिरकी जाते आणि दोष तिच्या हातांना दिला जातो. ठाण्याच्या पावसाळ्यात स्प्रिंगांना गंज धरतोच, जूनच्या आधी तेल आणि सप्टेंबरनंतर तपासणी हवी.

पिट चांगला खोल आहे, पण फोमचे ठोकळे खाली दबून बसलेत. आठवड्यातून एकदा उपसून, उलटेपालटे करून टाकायला हवेत, नाहीतर वरून फुगलेला दिसतो आणि आत तळ लागतो. शेडचा पत्रा एका कोपऱ्यात गळतो आणि नेमका पिटच्या काठाला. ओला फोम आठवडाभर वाळत नाही, वास येतो, मुलांना खोकला होतो. ताडपत्रीने हे सुटणार नाही. चॉक उघड्या खोक्यात असतो, जुलैत त्याचे गोळे होतात. झाकणाचा डबा एवढा महाग नाही. टेबलावर चॉक आणि घाम यांचा थर बसला की पृष्ठभाग उलट निसरडा होतो. प्रत्येक बॅचनंतर ओल्या फडक्याने पुसून कोरडा करायला हवा, इथे दिवसातून एकदाच पुसतात.

आणि मोठी उणीव, जिच्यासाठी मथळ्यात ‘जेमतेम पास’ लिहिलं. अनइव्हन बारची जोडीच नाही. एक आडवा बार आहे, त्यावर लटकणं, झोके आणि किप (झोक्यातून बारच्या वर येणं) एवढं होतं. स्पर्धेत खालचा बार जमिनीपासून १७० सेंटिमीटरवर, वरचा २५० वर, आणि मधलं अंतर मुलीच्या उंचीप्रमाणे बदललेलं. एकावरून दुसऱ्यावर जाणं एका बारवर शिकता येत नाही. बीम आहे तो जमिनीलगतचा, साधारण ३० सेंटिमीटर उंचीचा. १० सेंटिमीटर रुंदी बरोबर आहे, पण १२५ सेंटिमीटरवर उभं राहिल्यावर तीच रुंदी निम्मी वाटते. फ्लोअर म्हणजे सिमेंटवर गाद्या. खाली स्प्रिंगा किंवा लाकडी फळ्या नाहीत, त्यामुळे टंबलिंग (सलग कोलांट्या) दोन-तीन घटकांपलीकडे गेलं की घोटे बोलायला लागतात. १२ बाय १२ मीटरचा चौकही बसत नाही.

‘आमच्या मुलीला व्हॉल्टच करायचाय’ असं म्हणणाऱ्यांनी ताश्कंद नीट वाचावं. तिथे दीपाने व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं आणि तरी पॅरिसला गेली नाही. त्या स्पर्धेतून ऑलिंपिकचं तिकीट सर्वंकष कामगिरीवर, म्हणजे चारही उपकरणांच्या बेरजेवर होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिने निवृत्ती घेतली. प्रणती टोकियोला गेली तीही आशियाच्या कोट्यातून, २०२१ ची आशियाई स्पर्धा रद्द झाल्यावर जागा वाटल्या गेल्या तेव्हा. व्हॉल्टने पदक मिळतं, पण आशियाई स्पर्धेतून तिकीट मिळालं ते चारही उपकरणांवर. मुलांकडे बघितलं तरी तेच. फिलिपिन्सच्या कार्लोस युलोने २०२२ मध्ये दोह्याला फ्लोअर, व्हॉल्ट आणि पॅरलल बार अशी तीन सुवर्णं घेतली आणि दोन वर्षांनी पॅरिसला फ्लोअर आणि व्हॉल्टची दोन. तो कुठल्या एका कोपऱ्यातून वर आलेला नाही.

मल्लखांबातून आलेल्या मुलामुलींसाठी मात्र हे केंद्र उत्तम. हाताची पकड, उलटं राहण्याची सवय, पोटाची ताकद तयार असते. फक्त धाव नसते. खांबाकडे पळत कोणी जात नाही. पहिले तीन महिने धावेवर जातील, हे धरून चालावं. त्यांना झोक्यांची भीती नसल्यामुळे बारवर लवकर पुढे गेली असती, आणि तिथेच इथे अडतं.

फी आठवड्यातून तीन दिवसांची २,८०० रुपये महिना, प्रवेशाचे १,५०० वेगळे. लेओटार्ड केंद्राचाच घ्या असा आग्रह नाही, हे बरं. सहा-सात वर्षांच्या बॅचमध्ये एका प्रशिक्षकामागे आठ मुलं असतात, शनिवारी संध्याकाळी चौदा होतात. तेव्हा व्हॉल्टच्या रांगेत एकेका मुलीला तासात जेमतेम दहा उड्या मिळतात. सकाळची ६:३० ची बॅच घ्या, तीत वीस-बावीस होतात. त्यातही मंगळवार-गुरुवार बघा, तेव्हा मुख्य प्रशिक्षक स्वतः बोर्डशी उभे असतात. मुलगी आठची असेल तर हिशेब लांबचा ठेवा: वरिष्ठ गटात खेळायला त्या वर्षी सोळा पूर्ण व्हावी लागतात.

स्टेशनहून शेअर रिक्षा आत नाक्यापर्यंतच येते, पुढे सात-आठ मिनिटं चालणं, आणि पावसात त्या गल्लीत पाणी तुंबतं. घोडबंदर रोडवरून येणाऱ्यांनी संध्याकाळी कापूरबावडीचा वेळ धरूनच निघावं. गाडी लावायला जागा आहे, पण बाजूच्या गाळ्याचे टेम्पो साडेसातला निघतात तेव्हा गेट अडवू नका, रोज वाद होतात.

फलकावरची सुरतची ओळ दुरुस्त करायचं चालकांनी मान्य केलंय. बारच्या जोडीची किंमत त्यांनी विचारून ठेवलीय म्हणे, पण जागा करायची तर पिट दीड मीटर मागे सरकवावा लागेल, आणि मागे गळका पत्रा.